शुगरची जखम आणि थंड प्लाझ्मा

शुगरच्या पेशंटचा पाय बधिर झालेला असतो. चप्पल लागली, खडा रुतला तरी कळत नाही. जखम चिघळते आणि शेवटी गोष्ट पाय कापण्यापर्यंत जाते. अशा जखमांसाठी ‘थंड प्लाझ्मा’ नावाचा उपचार निघाला आहे. तो काय आहे, ते समजून घेऊ.

हा प्लाझ्मा रक्तातला नव्हे. वायूला ऊर्जा दिली की त्याच्या अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटतात. अशा वायूला प्लाझ्मा म्हणतात. पेटलेल्या ट्यूबलाइटमध्ये तोच असतो. जखमेच्या यंत्रात आर्गॉन वायू, जो वेल्डिंगलाही वापरतात, नळीतून सतत वाहतो. त्याला मायक्रोवेव्ह लहरींची ऊर्जा देतात. हलके इलेक्ट्रॉन खूप तापतात, पण जड अणू फारसे तापत नाहीत. शिवाय वायू वाहता असल्याने उष्णता साचत नाही. म्हणून झोत कोमट राहतो, कातडी भाजत नाही. हवेतील ऑक्सिजन व नायट्रोजनपासून तिथे तीव्र रसायने तयार होतात आणि ती जंतूंना मारतात. औषधांना न जुमानणारे जंतूही त्यात मरतात.

जर्मनीतील म्युनिकमध्ये ३६ पेशंटांवर याची चाचणी झाली. २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नेहमीच्या ड्रेसिंगसोबत रोज ५ मिनिटे झोत दिला. फक्त ड्रेसिंग केलेल्या भागापेक्षा तिथले जंतू ३४ टक्के जास्त घटले.

पण जंतू घटले म्हणजे जखम भरलीच असे नाही. शुगर वाढलेली असेल, पायाला रक्त नीट पोचत नसेल, तर कोणतेही यंत्र एकटे पुरत नाही. हा उपचार ड्रेसिंग आणि औषधांच्या जोडीचा आहे, त्यांच्या ऐवजी नाही. ‘प्लाझ्माने हमखास बरे करतो’ म्हणून कोणी पैसे मागितले, तर आधी सरकारी डॉक्टरांना विचारा. घरचा मायक्रोवेव्ह ओव्हन हे यंत्र नव्हे. त्याचे प्रयोग करू नका.

आपल्या हातातले उपाय मात्र आजच करता येतात. रोज रात्री तळपाय पाहा. स्वतःला दिसत नसेल तर घरच्यांना पाहायला सांगा. अनवाणी फिरू नका. नागपूरच्या उन्हाळ्यात तापलेल्या रस्त्यावर बधिर पाय नकळत भाजतो. गरम पाण्याने शेकू नका. जखमेवर राख, चुना, तंबाखू लावू नका. सूज, वास, काळेपणा किंवा ताप दिसला, तर त्याच दिवशी मेडिकल किंवा मेयो गाठा. ‘उद्या पाहू’ म्हणण्यातच पाय जातो.