घरांतील ब्रॉडबँड व राउटरची निवड

आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील गेल्या पावसाळ्यांत आम्हांस भेटले, तेव्हां मोठ्या विवंचनेंत होते. घरीं 200 मेगाबिटांचें ब्रॉडबँड असूनही मुलास आंतल्या खोलींत बसून धडा पाहतां येईना. मुलाची परीक्षा जवळ आलेली. सबब दरमहा अधिक पैसे भरून 300 मेगाबिटांची योजना घ्यावी काय, असा त्यांचा प्रश्न होता. आम्हीं घरीं जाऊन पाहिलें, तों दोष जोडणींत नसून राउटरांत व त्याच्या जागेंत आहे असें आढळलें. असा वृथा खर्च इतर कुटुंबांसही पडत असेल, म्हणून या विषयाची थोडी फोड करीत आहों.

काचतंतूंतून घरापर्यंत येतो तो प्रकाश होय. त्याचें विद्युत्संदेशांत रूपांतर करणारी पेटी कंपनी बसविते, तिला ओ. एन. टी. म्हणतात. तो संदेश घरांतील यंत्रांस वांटून देण्याचें काम राउटरचें. कित्येक ठिकाणीं दोन्ही कामें एकाच पेटींत होतात. तेव्हां खरेदीपूर्वीं कंपनीस विचारावें. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेसाठीं केलेला मोडेम-राउटर काचतंतूस बहुधा लागू पडत नाहीं, हें पुष्कळांस दुकानांतून परत आल्यावर कळतें!

त्या गृहस्थांचा संगणक आम्हीं राउटरास तारेनें जोडून वेग मोजला. आंकडा 94 च्या वर चढेना. कारण उघड होतें. स्वस्त राउटरांचे पोर्ट पुष्कळदां 100 मेगाबिटांचेच असतात. मग 200 चे पैसे भरा कीं 300 चे. येथें आडांत पाणी भरपूर, पण पोहराच लहान! यास्तव ज्याचे सर्व पोर्ट गिगाबिट, म्हणजे 1000 मेगाबिटांचे आहेत, असाच राउटर घ्यावा. वेष्टनावरील '1200' या आंकड्यास भुलूं नये. 2.4 गिगाहर्ट्झवरील 300 व 5 गिगाहर्ट्झवरील 867 यांची ती बेरीज, आणि तीही वर फुगविलेली. आमच्या विद्यार्थ्यानें 1167 च्या जागीं 1200 लिहिले असते, तर आम्हीं गुण दिले नसते. शिवाय फोन एका वेळीं बहुधा एकाच लहरीवर चालतो. आणि '1200' च्या कित्येक पेट्यांचे पोर्ट 100 चेच असतात.

2.4 ची लहर भिंतींतून बरी जाते, परंतु ती मंद, व तींत शेजाऱ्यांचीही गर्दी. परस्परांत न मिसळणारे मार्ग तीनच, 1, 6 व 11. 5 ची लहर वेगवान, पण जाड दगडी भिंतीपुढें ती हतबल होते. या घरीं तर राउटर लोखंडी कपाटामागें दडविलेला होता, कां तर तो दिसावयास बरा नाहीं! धातूच्या आड ठेवल्यावर उत्तम राउटरही काय करणार?

माडीवर लहर पोंचत नसेल, तर ती ऐकून पुनः फेंकणारें यंत्र घेण्यापेक्षां तार ओढून वर दुसरें वाय-फाय केंद्र ठेवणें आम्हांस पसंत आहे. एकाच लहरीवर ऐकणें व बोलणें यांत निम्मा वेग खर्चीं पडतो. 'कॅट 5 ई' जातीची तार 100 मीटरपर्यंत 1000 मेगाबिट वाहूं शकते. राउटर बसवितांच मूळचा परवलीचा शब्द बदलावा, व डब्ल्यू. पी. ए. 2 किंवा 3 हेंच संरक्षण निवडावें.

त्या गृहस्थांनीं गिगाबिट राउटर आणून मधल्या ओसरींत उंच फळीवर ठेविला, आणि मुलाच्या खोलींत तार नेली. योजना अद्याप 200 चीच आहे.