अधूनमधून उद्भवणारा दोष

कुर्ला हें मुख्य मार्ग व हार्बर मार्ग यांच्या संगमाचें स्थानक. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं हिंदुस्थानांतील पहिली विजेची आगगाडी बोरीबंदरहून येथपर्यंत धांवली. येथील उतारूंस पावसाळ्यांत एक अनुभव परिचयाचा आहे. पुढें गाडी नाहीं, मार्ग मोकळा आहे, तरीही सिग्नल तांबडाच राहतो. आणि घटकाभरानें आपोआप हिरवा होतो. असा येणारा-जाणारा दोष कोठें दडतो व तो कसा शोधावा, हें जाणण्यासारखें आहे.

सिग्नलास गाडीची वार्ता बहुतेक ठिकाणीं रूळच देतात. ही युक्ति विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन गृहस्थानें १८७२ सालीं काढली. रुळांचा एक खंड दोन्ही टोकांस शेजारच्या खंडांपासून वीजरोधक जोडांनीं वेगळा करतात. एका टोकानें सौम्य वीजप्रवाह सोडतात; दुसऱ्या टोकास रिले नांवाची विजेची कळ असते. प्रवाह पोंचत आहे तोंवर कळ उचललेली राहते. गाडी आली, कीं तिचीं चाकें व आंस दोन्ही रूळ जोडतात, प्रवाह मध्येंच परततो, कळ पडते आणि सिग्नल तांबडा होतो. तार तुटली तरीही तेंच घडतें. संदेश आला नाहीं तर धोका समजावा, हें या रचनेचें तत्त्व.

कुर्ल्याचा बराच भाग सखल असून मिठी नदी जवळून वाहते. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टींत सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला व उपनगरी वाहतूक ठप्प झाली. परंतु दोषास एवढा प्रलय लागत नाहीं. रुळांखालील खडी चिखलानें भरून भिजली, कीं प्रवाह एका रुळावरून दुसऱ्यावर झिरपतो, व गाडी नसतांही कळ पडते. ऊन पडलें कीं सर्व सुरळीत!

कुशल कामगार प्रथम वेळेची नोंद पाहतो. दोष पावसांत येतो, दुपारच्या उन्हांत येतो, कीं गाडीच्या हादऱ्यानंतर येतो? मग तो दोन्ही टोकांस मोजमाप घेतो. कळीकडे प्रवाह कमी असून सोडणाऱ्या टोकास तो नेहमींपेक्षां वाढला असेल, तर वाटेंत गळती आहे. तेथेंही तो घटला असेल, तर एखादा जोड सैल किंवा तार तुटकी आहे. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, हा त्याचा नियम.

येथें एक मोह घातक ठरतो. प्रवाहाचा जोर वाढविला, तर पावसांतही कळ पडणार नाहीं. परंतु खडी वाळल्यावर, रूळ गंजलेले असतां, गाडी उभी असूनही ती कदाचित् उचललेलीच राहील, आणि सिग्नल खोटें अभय देईल.

संगणकावरील दोन प्रोग्रॅमांच्या संभाषणासही हाच न्याय लागतो. ‘जोडणी नाकारली’ हें उत्तर आलें, तर संदेश पोंचला आहे. कांहींच उत्तर नसेल, तर तो जातांना हरवला किंवा उत्तर येतांना हरवलें. अशा वेळीं वाट पाहण्याची मुदत वाढविणें किंवा मागणी पुनःपुन्हां पाठविणें म्हणजे दोष झांकणें होय. ती मागणी पैसे देण्याची असेल व केवळ उत्तरच हरवलें असेल, तर रक्कम दोनदां वळती होण्याचा संभव असतो. यास्तव प्रत्येक मागणीस स्वतंत्र क्रमांक द्यावा, दोन्ही टोकांस वेळ नोंदवावी व नोंदी ताडून पाहाव्या. आपोआप गेलेला दोष बरा झालेला नसतो. तो पुढील पावसाची वाट पाहत असतो.