उतरत्या छपराखालचा माळा

कोकणातील जुन्या कौलारू घरात माजघरावर तुळया टाकून आणि त्यांवर फळ्यांची तक्तपोशी करून जी जागा साधलेली असते, तिला माळा म्हणतात; या जागेचे छत म्हणजे घराचे छप्परच असल्यामुळे ते मध्यभागी उंच असते आणि दोन्ही बाजूंना भिंतींकडे उतरत जाते. छपराच्या माथ्यावरून जाणारे आडवे लाकूड म्हणजे आढे, त्यापासून भिंतीकडे तिरपे उतरणारे ते वासे, वाशांवर आडव्या ठोकलेल्या लाकडी पट्ट्या म्हणजे रिपा, आणि रिपांवर कौले अशी ही रचना असते. बाझेल मिशनने 1865 साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढल्यानंतर खाचेत बसणारी चपटी मंगळुरी कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पोचली. त्यापूर्वीच्या घरांवर नळीची कौले असत. कौल कोणतेही असले तरी उतार मात्र अटळ होता, कारण रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वर्षाला 3000 मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो आणि ते पाणी झटपट वळचणीकडे, म्हणजे छपराच्या खालच्या कडेकडे, निघून गेले नाही तर घर टिकत नाही. माळ्यावर सामान लावताना जी अडचण येते ती याच उताराची असते, आणि बहुतेक माळे बिघडतात ते ही जागा चौकोनी खोलीसारखी वापरण्याच्या प्रयत्नामुळे.

उताराचे गणित सोपे असले तरी ते एकदा मांडून पाहणे आवश्यक आहे. छप्पर 30 अंशांनी उतरत असेल आणि बाजूची भिंत माळ्याच्या जमिनीपाशीच संपत असेल, तर भिंतीपासून एक मीटर आत आल्यावर छताची उंची सुमारे 58 सेंटिमीटर, दोन मीटरवर 115 आणि तीन मीटरवर 173 सेंटिमीटर भरते. म्हणजे सहा मीटर रुंदीच्या घरात मध्यम उंचीच्या माणसाला जेमतेम आढ्याखालीच ताठ उभे राहता येते. म्हणून आढ्याखालची ही पट्टी सामानासाठी नव्हे, तर माणसाच्या ये-जा करण्यासाठी राखावी लागते. व्यवहारात नेमके उलटे घडते. जिन्यावरून वर आणलेली वस्तू हाताशी असलेल्या उंच जागेतच टेकवली जाते, मधली वाट बुजते, आणि तिच्या पलीकडचा सारा माळा असून नसल्यासारखा होतो.

वळचणीलगतच्या सर्वांत बुटक्या पट्टीत चौकोनी पेटी बसत नाही. चाळीस सेंटिमीटर उंचीची पत्र्याची ट्रंक घेतली आणि तिच्या वर कौलांपर्यंत वीतभर मोकळी जागा सोडली, तर 30 अंशांच्या उताराखाली ती भिंतीपासून जवळजवळ एक मीटर आतच ठेवावी लागते. उरलेल्या मीटरभर पट्टीत लांब आणि बुटक्या वस्तू भिंतीला समांतर आडव्या ठेवणे उत्तम: बांबू, आंबे उतरवण्याच्या घळाची काठी, गुंडाळलेल्या चटया, मांडवाचे वासे. त्यांच्या अलीकडे ट्रंका, आणि ट्रंकांच्या अलीकडे, वाटेच्या कडेला, उंच हंडे आणि कणग्या, अशी पायऱ्यापायऱ्यांची मांडणी केली की उतार आपोआप भरत जातो. माणसाचा हात आत जेमतेम साठ-सत्तर सेंटिमीटर पोचतो, म्हणून त्याहून खोल ठेवायच्या पेटीला खाली चाके आणि पुढे दोरीची मूठ असावी. हल्ली बुटका भाग पडदीची भिंत घालून बंद करण्याची आणि तिला कपाटाची दारे बसवण्याची पद्धत आली आहे. ती दिसायला नेटकी असली, तरी कोकणच्या हवेत तिच्यामागे वारा कोंडतो आणि वाशांची खालची टोके, जी सर्वांत आधी कुजतात, ती नजरेआड होतात. जाळीची किंवा पट्ट्यांची सरकती दारे हा त्यापेक्षा कितीतरी चांगला पर्याय आहे.

कौलांखालची ती वीतभर जागा सोडण्यामागेही तितकेच सबळ कारण आहे. फुटलेले किंवा सरकलेले कौल पुष्कळदा आतून हात घालून बदलता येते, परंतु सामान कौलांना भिडलेले असेल तर गळती कोठे आहे हे गादी भिजून जड होईपर्यंत कळत नाही. पूर्वी पावसाआधी, मे महिन्यात, शाकारणी होत असे, म्हणजे कौले उतरवून, झाडून, फुटकी बदलून पुन्हा लावली जात. या कामासाठी माळा मोकळा करावाच लागे, आणि त्या निमित्ताने प्रत्येक वस्तू वर्षातून एकदा उन्हात येई. जुन्या माळ्यावर वस्तूंची ये-जाही ऋतूंप्रमाणे चाले: पेंढ्याच्या मुड्यांत बांधलेले भाताचे बियाणे, पेंढ्यात घातलेली आंब्यांची अढी, केळीच्या सोपाने बांधून टांगलेली तवशी आणि भोपळे, पावसापुरती खाली येणारी इरली. कौलांवर पत्र्याचे आच्छादन आल्यापासून शाकारणी बंद पडली, वस्तू फक्त वर जाऊ लागल्या, आणि माळा हे घरातील विसराळूपणाचे कोठार बनले. शाकारणी नसली तरी मे महिन्यात माळा रिकामा करण्याचा नेम पाळणे म्हणूनच अगत्याचे आहे.

दुसरा बदल चुलीचा. चुलीचा धूर तक्तपोशीच्या फटींतून वर जाई, लाकडांवर काजळी धरे आणि कीड दूर राही. गॅस आल्यावर स्वयंपाकघर स्वच्छ झाले, पण माळ्याचे हे संरक्षण गेले. आता ते काम वाऱ्याकडून करून घ्यावे लागते. वासे आणि भिंत यांच्यामधल्या फटी सिमेंटने लिंपून टाकण्याऐवजी त्यांना बारीक तारेची जाळी लावली, तर उंदीर आणि त्यांच्या मागावर येणारी धामण बाहेर राहतात आणि हवा खेळती राहते. एखादे काचेचे कौल बसवले की दिवसा दिवाही लागत नाही. मात्र त्याच्या थेट उन्हात कपडे ठेवू नयेत. झाकणाची प्लास्टिकची पेटी मे महिन्याच्या कोरड्या दिवशी भरली तर उपयोगी पडते, पण तीच दमट हवेत भरली तर तो दमटपणा आत कोंडला जाऊन कपड्यांना बुरशी येते. पेट्या फळ्यांवर थेट न टेकवता दोन पट्ट्यांवर उचलून ठेवल्या म्हणजे वाळवीची माती वेळीच दिसते.

वजनाचा विचार सहसा कोणी करत नाही. तांदळाचे 50 किलोंचे पोते, पुस्तकांची ट्रंक, पितळेची घंगाळे यांचा भार तुळईच्या मधोमध न देता तिच्या टोकांकडे, भिंतीच्या जवळ द्यावा, आणि एकाच तुळईवर सगळा भार न टाकता पेट्या दोन-तीन तुळयांवर आडव्या येतील अशा ठेवाव्यात. टांगायच्या वस्तू आडव्या तुळईला टांगाव्यात; रिपांना कधीही नाही, कारण रिपा केवळ कौले पेलण्यापुरत्याच असतात.

छायाचित्रे, जमिनीचे कागद, रेशमी वस्त्रे आणि रॉकेल यांना माळ्यावर जागा देऊ नये. पहिल्या तिन्हींना उन्हाळ्यातली उष्णता आणि पावसाळ्यातला दमटपणा सोसत नाही, आणि चौथ्यामुळे सबंध लाकडी छपराला आगीचा धोका पोचतो. बाकीच्या प्रत्येक पेटीवर, वाटेकडे येणाऱ्या बाजूला, आत काय आहे याबरोबरच ती कोणत्या महिन्यात खाली उतरायची हे खडूने लिहावे: गणपतीची माटवी भाद्रपदापूर्वी, घोंगड्या पावसाच्या तोंडावर, आकाशकंदील आश्विनात. ज्या पेटीवर कोणताच महिना लिहिता येत नाही, ती पुढच्या मे महिन्यात सर्वांत आधी उघडावी.