पैनगंगेकाठची ऊन पाण्याची कुंडं

गरम पाण्याचे झरे म्हटलं की आपण थेट वज्रेश्वरी नाहीतर गणेशपुरीचं नाव घेतो. यवतमाळकरांनो, आपल्या पैनगंगेकाठीही हे वैभव आहे! यवतमाळ जिल्ह्यात कापेश्वर, आणि नदीपलीकडे नांदेडच्या किनवट तालुक्यात उनकेश्वर.

📍 उनकेश्वरला शिवमंदिर आणि बांधीव कुंडं आहेत. शरभंग ऋषींची व्याधी बरी व्हावी म्हणून रामाने बाण मारून हे पाणी काढलं, अशी आख्यायिका. देवगिरीच्या रामचंद्रदेव यादवाच्या काळातला (1271 ते 1311) मराठी शिलालेखही इथला.

🌋 पाणी तापतं कसं? ज्वालामुखी वगैरे काही नाही. पावसाचं पाणी भेगांतून खोल मुरतं. जमिनीत खोल जाताना दर किलोमीटरला साधारण 25 ते 30 अंशांनी तापमान वाढतं. तापलेलं पाणी खडकातले क्षार घेऊन दुसऱ्या भेगेतून वर येतं.

🔬 या पाण्यात जीवसृष्टीही आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी उनकेश्वरच्या जिवाणूंचा जनुकीय अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध केला.



🙏 त्वचारोगासाठी इथे बरेच जण येतात. श्रद्धेने स्नान जरूर करा, पण डॉक्टरांचं औषध बंद करू नका. कुष्ठरोग असेल, तर त्यावरची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. आणि हो, कुंडात साबण-शाम्पू अजिबात नको!

#पैनगंगा #उनकेश्वर #यवतमाळ