संगणकीय सहायक आणि आज्ञेचा अधिकार

अष्टविनायकांपैकी विघ्नेश्वराचे स्थान म्हणून प्रसिद्ध असलेले ओझर ज्या जुन्नर तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात खोडद येथे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची महाकाय रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी, उभी आहे. प्रा. गोविंद स्वरूप ह्यांच्या कल्पनेतून साकारलेल्या ह्या दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असून, त्यांपैकी १४ मध्यवर्ती भागात व १६ तीन बाहूंवर सुमारे २५ किलोमीटरपर्यंत पसरल्या आहेत. ३० अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात, आणि प्रत्येक जोडीच्या संकेतांच्या तुलनेतून अंकांचा प्रचंड संचय निर्माण होतो. त्यातून मानवनिर्मित रेडिओ-व्यत्यय वगळणे, उपकरणजन्य दोष काढणे व अखेर आकाशाचे चित्र सिद्ध करणे हे सारे काम लिनक्स प्रणालीवर आज्ञांच्या व स्क्रिप्टांच्या साहाय्याने चालते. अशा आज्ञा केवळ सुचविणारेच नव्हे, तर त्या स्वतः चालविणारेही कृत्रिम बुद्धिमत्तेचे सहायक आता उपलब्ध झाले आहेत. त्यांस हा अधिकार कोणत्या मर्यादेपर्यंत द्यावा, हा प्रश्न म्हणूनच संशोधकाच्या नित्य व्यवहारातील होय.

प्रथम ह्या सहायकाची रचना पाहू. भाषिक प्रतिमान स्वतः काहीच करीत नाही. ते केवळ मजकूर निर्माण करते. त्याच्याभोवतीचा एक प्रोग्रॅम त्या मजकुरातील आज्ञा शेलकडे सोपवितो, शेलचे उत्तर प्रतिमानास वाचावयास देतो, आणि ते वाचून प्रतिमान पुढील आज्ञा लिहिते. कार्य संपेपर्यंत हे चक्र चालू राहते. शेल मात्र आज्ञा कोणी लिहिली, कोणत्या हेतूने लिहिली, ह्याची चौकशी करीत नाही. ज्या वापरकर्त्याच्या नावे ती आली, त्याचे सर्व अधिकार तिला प्राप्त होतात. शेलमधील नेहमीच्या आज्ञेने पुसलेली फाइल कोणत्याही कचरापेटीत जात नाही, हेही येथे ध्यानात घ्यावयास हवे.

ह्यातील धोका कृत्रिम बुद्धिमत्तेनेच निर्माण केला असे नाही. डिसेंबर २०२१ मध्ये क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावर प्रतिलिपी-व्यवस्थेची एक स्क्रिप्ट चालू असतानाच तिची सुधारित आवृत्ती तिच्यावर लिहिली गेली. शेल स्क्रिप्ट टप्प्याटप्प्याने वाचीत असल्याने तिचा पुढील भाग नव्या आवृत्तीतून वाचला गेला; तेथे आवश्यक असलेल्या चलास मूल्यच मिळाले नव्हते. परिणामी जुन्या नोंदी पुसण्यासाठी योजिलेली आज्ञा संशोधकांच्या फाइलींवर चालली. सुमारे ७७ टेराबाइट सामग्री व ३ कोटी ४० लाख फाइली नष्ट झाल्या. १४ संशोधनगटांस त्याची झळ पोचली व त्यांपैकी चार गटांची सामग्री परत मिळू शकली नाही. हेतू निर्दोष होता, परंतु हानी रोखणारी मर्यादा नव्हती.

स्वयंचलित सहायकामुळे ह्या जुन्या धोक्यात दोन नव्या गोष्टींची भर पडते. पहिली अशी की, शब्दांनी घातलेला निर्बंध हा खरा निर्बंध नव्हे. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट ह्या मंचावरील सहायकाने, कोणताही बदल करू नये अशी स्पष्ट सूचना असताना, एका उद्योजकाचा चालू माहितीसंग्रह पुसून टाकला. पूर्वस्थिती आणणे अशक्य आहे असेही त्याने कळविले. प्रत्यक्षात ते शक्य ठरले. म्हणजे सहायकाने स्वतःच्या कृतीविषयी दिलेले निवेदनही पुरावा म्हणून ग्राह्य धरता येत नाही. दुसरी गोष्ट अशी की, प्रतिमानास सूचना आणि सामग्री ही दोन्ही एकाच मजकुराच्या ओघात मिळतात. वाचावयास दिलेल्या एखाद्या फाइलीत कोणी आज्ञार्थी वाक्य पेरून ठेवले असेल, तर सहायक त्यास वापरकर्त्याची सूचना समजण्याचा संभव असतो. ह्या प्रकारास २०२२ पासून ‘प्रॉम्प्ट इंजेक्शन’ असे नाव रूढ झाले आहे.

प्रत्येक आज्ञेपूर्वी वापरकर्त्याची संमती घ्यावी, हा उपाय सहज सुचतो; पण तो अपुरा आहे. शंभर निरुपद्रवी आज्ञांस संमती दिल्यावर एकशे पहिली आज्ञा न वाचताच मान्य होते. यास्तव भर संमतीपेक्षा अधिकाराच्या मर्यादेवर असावा. प्रत्येक प्रोग्रॅमला कार्यापुरताच किमान अधिकार असावा, हे तत्त्व सॉल्ट्झर व श्रोडर ह्यांनी १९७५ मध्येच सुस्पष्टपणे मांडले होते. त्यानुसार सहायकास संगणकावर स्वतंत्र खाते द्यावे. मूळ निरीक्षणे त्यास केवळ वाचता यावीत, बदलता येऊ नयेत. लेखनासाठी एकच वेगळी निर्देशिका असावी. गरज नसेल तेथे जालसंपर्क बंद ठेवावा. आणि प्रतिलिपी त्याच्या आवाक्याबाहेर असावी. नवी स्क्रिप्ट प्रथम सामग्रीच्या लहान अंशावर चालवून पाहावी.

रेडिओ निरीक्षणाची मूळ प्रत दुर्बिणीच्या संग्रहातून पुन्हा मिळू शकते. परंतु तिच्यावर विद्यार्थ्याने अनेक महिने केलेले संस्करण केवळ त्याच्याच संगणकावर असते. शिवाय हानी नेहमी पुसण्याचीच असते असे नाही. कोणता अंश व्यत्यय म्हणून वगळला ह्याची नोंद राहिली नाही, तर चित्र सुबक दिसूनही निष्कर्ष तपासता येत नाही. म्हणून चाललेल्या प्रत्येक आज्ञेची नोंद शेलकडूनच ठेवविली पाहिजे व ती प्रबंधाच्या साधनसामग्रीचा भाग मानली पाहिजे. आज्ञा लिहिण्याचे श्रम सहायकाकडे सोपविता येतात. तिच्या परिणामाचे उत्तरदायित्व मात्र ज्याच्या नावे ती चालली त्या संशोधकाकडेच राहते.