पुराच्या बोटीत कोणतं पेट्रोल?

ई-२० पेट्रोलविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली, तरी मायलेजचा वाद मिटलेला नाही. गाडीवाल्यांचं म्हणणं एव्हाना सगळ्यांनी ऐकलं. बोटीची बाजू मात्र कुणी मांडलेली दिसत नाही. तारकर्लीला पर्यटक फिरवणारी बोट असो वा वारणाकाठी पुरात धावणारी रबरी बोट, मागे लावलेलं आउटबोर्ड इंजिन पंपावरचंच पेट्रोल पितं आणि त्या पेट्रोलचा पाचवा हिस्सा आता इथेनॉल आहे.

वारणानगरच्या माणसाने इथेनॉलला नावं ठेवू नयेत. तात्यासाहेब कोरे यांनी इथे साखर कारखाना उभा केला तेव्हापासून हे खोरं उसावर जगतं आणि इथेनॉलने उसाला साखरेपलीकडचं गिऱ्हाईक दिलं. रोज फिरणाऱ्या मोटरसायकलच्या टाकीत पेट्रोल आठवडाभरही टिकत नाही, तिथे मला फार काळजी वाटत नाही. पुराची बोट मात्र दिवाळीपासून मृगापर्यंत शेडमध्ये पडून असते. टाकीत उरलेलं पेट्रोलही तसंच पडून राहतं.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, ज्योतीपासून दूर, कुणालाही करून पाहता येईल असा एक प्रयोग आहे. काचेच्या मोजपात्रात १०० मिलिलिटर ई-२० घ्या, त्यात १० मिलिलिटर पाणी घाला, बूच लावून हलवा आणि दहा मिनिटं स्थिर ठेवा. तळाशी पाण्याचा थर १० मिलिलिटरचा दिसायला हवा. दिसतो ३०च्या आसपास. पेट्रोलमधलं इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याला जाऊन मिळालेलं असतं. वर उरतं ते ऑक्टेन घटलेलं पेट्रोल. टाकीतली नळी तळातून ओढते, म्हणजे इंजिनला आधी मिळतो तो हा पाणी-इथेनॉलचा थर. टू-स्ट्रोक इंजिनचं ऑइल वरच्या पेट्रोलसोबत राहतं, तळच्या थरात ते जवळपास नसतंच. भर प्रवाहात, बोटीत म्हातारी माणसं आणि लेकरं असताना, इंजिन बंद पडणं म्हणजे काय हे वारणाकाठच्या निलेवाडीकरांना सांगावं लागत नाही.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. दमट हवेने चार आठवड्यांत पेट्रोल फाटतं, ही भीती अतिरंजित आहे. ई-२० तर ई-१० पेक्षा जास्त पाणी विरघळवून घेतं. घात करतं ते सैल झाकणातून आणि उघड्या राहिलेल्या हवेच्या स्क्रूमधून थेट आत गेलेलं पावसाचं पाणी. शिवाय जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने फुगतात आणि कार्बोरेटरमध्ये साचून राहिलेलं पेट्रोल वाळून चिकट होतं, बारीक जेट बुजतात.

मग महागडं पेट्रोल भरावं का? ऑक्टेनसाठी तर मुळीच नको. सरकारच्याच म्हणण्यानुसार ई-२०चं ऑक्टेन ९५ आहे आणि आपल्याकडच्या बहुतेक आउटबोर्ड इंजिनांना तेवढंही लागत नाही. नाव प्रीमियम असलं म्हणून इथेनॉल कमी होत नाही. इंडियन ऑइलचं एक्सपी-१०० इथेनॉलविना असतं, पण ते मोजक्या शहरांत मिळतं आणि भाव साध्याच्या दीडपट. बहुतेक इंजिन कंपन्यांच्या पुस्तिका इथेनॉलची मर्यादा १० टक्के सांगतात. अमेरिकेत त्याहून जास्त इथेनॉलचं पेट्रोल बोटीत भरायला कायद्यानेच मनाई आहे. आपल्याकडे बोटवाल्यापुढे निवडच ठेवलेली नाही, आणि माझा आक्षेप आहे तो यालाच.

ऐनवेळी ताजं पेट्रोल आणू म्हणावं, तर २०१९चा ऑगस्ट आठवावा. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, टँकर अडकले आणि कोल्हापुरात पेट्रोलची टंचाई झाली. साठा हवाच. पण १९३४च्या पेट्रोलियम कायद्यानुसार परवान्याविना ३० लिटरपर्यंतच पेट्रोल ठेवता येतं, आणि ४० अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक इंजिन पूर्ण वेगात तासाला १५ लिटर किंवा जास्तच पितं. म्हणजे दोन तासांचीही खात्री नाही. पूरग्रस्त तालुक्यांत तहसील कार्यालयाने परवाना काढून मोठा साठा ठेवायला काय हरकत आहे?

साठवण्याची रीतही साधी आहे. मेच्या अखेरीस ताजं पेट्रोल धातूच्या घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरावं, कॅनवर तारीख लिहावी. ऑइल आधीच मिसळून ठेवू नये. ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर, हे प्रमाण असेल तर ते बोट काढताना मिसळावं, आणि तेही मोटरसायकलचं नव्हे, बोटीच्या इंजिनासाठीचं टीसी-डब्ल्यू-३ प्रतीचं. नळीवर पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवावा. पूर ओसरला की उरलेलं बिनऑइलचं पेट्रोल ग्रामपंचायतीच्या दुचाकींत घालून संपवावं. शेवटी इंजिन पाण्याच्या पिंपात चालू ठेवून पेट्रोलची नळी काढावी, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. पिंपाशिवाय चालवलं तर इंजिनातल्या पाण्याच्या पंपाचा रबरी पंखा जळेल.

तेल कंपन्यांना माझी विनंती आहे, कोल्हापूर आणि सांगलीत निदान जून ते सप्टेंबर, बचाव बोटींपुरतं तरी बिनइथेनॉलचं पेट्रोल साध्या भावात द्या. आणि ज्या गावच्या शेडमध्ये बोट आहे, तिथल्या सरपंचांनी आजच टाकीचं झाकण उघडून आतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून पाहावं. दोन थर दिसले, तर ते पेट्रोल इंजिनात जाऊ देऊ नये.