वीज अडवणाऱ्यांची परीक्षा

त्या वर्षी आमच्या गावच्या ओढ्याला जूनमध्येच पूर आला आणि काठावरची आमची पाण्याची मोटर दोन दिवस पाण्याखाली गेली. पूर ओसरला आणि मग पावसानं अशी दडी मारली की, आठ-दहा दिवसांत कोवळी रोपं माना टाकू लागली. आबांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा जीव नुसता वर-खाली होत होता. मोटर पुसून झाली होती, उन्हात ठेवून झाली होती. बाहेरून कशी खडखडीत कोरडी!

"बटण दाबून तर बघू," आबा म्हणाले.

"थांबा आबा, आधी मेगर लावू," वायरमनकाका म्हणाले. त्यांनी मेन स्विच बंद केला, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकले आणि मोटरच्या वायरी सोडवल्या. मग पिशवीतून एक काळी पेटी काढली. वर काचेखाली एक काटा, बाजूला फिरवायचं हँडल आणि दोन लांब वायरी. एक चिमटा मोटरच्या वायरीला लावला, दुसरा मोटरच्या लोखंडी अंगाला. हँडल गरागरा फिरवलं. काटा सरकला आणि थेट शून्याजवळ जाऊन बसला.

"आतलं वाइंडिंग ओलं आहे, आबा."

"अरे, पण चालू तर होईल की!"

"होईलही एखादवेळेस. पण मग पायपाला हात कोण लावणार? हा पोरगा ना?"

आबा एकदम गप्प झाले. काकांनी मोटर खोलली, आत दोनशे वॅटचा दिवा लावून ठेवला आणि तिला दोन दिवस, दोन रात्री शेकली. तिसऱ्या दिवशी पुन्हा मेगर लावला. काटा वीसच्याही पुढे गेला. तेव्हा कुठे त्यांनी खिशातले फ्यूज बाहेर काढले!

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की, वीज वाहून नेणाऱ्या वस्तूंइतकीच वीज अडवणाऱ्या वस्तूंचीही परीक्षा घ्यावी लागते. ही परीक्षा कशी घेतात? चला, आज तेच पाहू.

बल्ब पेटला नाही, म्हणून काय झालं?

शाळेत तुम्ही हा प्रयोग केला असेल. टॉर्चचे दोन सेल, एक छोटा बल्ब आणि मध्ये थोडी मोकळी जागा. त्या जागेत नाणं ठेवलं की बल्ब पेटतो, म्हणून नाणं सुवाहक. खोडरबर, लाकडी पट्टी, कागद ठेवला की पेटत नाही, म्हणून ते दुर्वाहक. वहीत दोन रकाने पाडले, झाला प्रयोग!

प्रयोग खोटा नाही बरं का, पण अपुरा आहे. टॉर्चचा छोटा बल्ब पेटायला साधारण ०.३ अँपिअर, म्हणजे ३०० मिलिअँपिअर वीज लागते. आणि आपल्या शरीराचं काय? १ मिलिअँपिअर वीज गेली तरी मुंग्या आल्यासारखं वाटतं. १०-१५ मिलिअँपिअरला हाताचे स्नायू असे आखडतात की, धरलेली तार सोडताच येत नाही. ३० मिलिअँपिअरच्या पुढे ती काही क्षण वाहत राहिली, तर हृदय बंद पडण्याचा धोका असतो.

आलं का ध्यानात? बल्बाच्या दृष्टीनं जी वीज 'नाहीच', ती माणसाच्या दृष्टीनं जीवघेणी असू शकते. शिवाय आपले सेल ३ व्होल्टचे आणि घरातली वीज २३० व्होल्टची! ओली लाकडी काठी सेलच्या परीक्षेत दुर्वाहक म्हणून पास होते. पण तिच्या भरवशावर घरच्या वायरीला डिवचायला जाणं म्हणजे जिवाशी खेळ.

खरं सांगायचं तर, ज्यातून वीज अजिबात जात नाही असा पदार्थ नसतोच. काच, चिनीमाती, रबर, प्लॅस्टिक या सगळ्यांतून थोडी तरी वीज पाझरते. म्हणून 'जाते की नाही?' एवढं विचारून भागत नाही, 'किती जाते?' हेही विचारावं लागतं. आणि 'किती' म्हटलं की मोजमाप आलंच.

रेशमाची दोरी तुटली तेव्हा

ही गोष्ट १७२९ सालची, इंग्लंडमधली. स्टीफन ग्रे नावाचा एक गृहस्थ काचेची नळी घासून तिच्यात वीज निर्माण करायचा. ती वीज दोरीतून किती लांब जाते, हे त्याला पाहायचं होतं. दोरीच्या टोकाला त्यानं हस्तिदंती चेंडू बांधला होता. वीज तिथवर पोचली की पितळेच्या वर्खाचे बारीक तुकडे उडून चेंडूकडे ओढले जात.

त्याचे मित्र ग्रॅनव्हिल व्हीलर यांनी सुचवलं की, दोरी आडवी टांगायला रेशमाचे धागे घेऊ. धागा बारीक असल्यामुळे त्यातून वीज फारशी निसटणार नाही, अशी त्यांची कल्पना. आणि खरंच, प्रयोग छान जमला! दोरी लांबवत नेली तशी ती जड झाली आणि रेशमाचा धागा तुटला. मग त्यांनी तितकीच बारीक, पण मजबूत अशी पितळेची तार लावली. आणि काय आश्चर्य! चेंडूवर वीज पोचेचना. कितीही नळी घासा, वर्ख हलायला तयार नाही. पुन्हा रेशीम लावलं, तर वर्ख पुन्हा नाचू लागला!

म्हणजे खुबी धाग्याच्या बारीकपणात नव्हती, तो कशाचा आहे यात होती. रेशीम वीज अडवतं, पितळ तिला निसटू देतं. एक धागा तुटला म्हणून माणसाला सुवाहक आणि दुर्वाहक यांतला फरक नीट कळला! पुढे ग्रेनं सातशे फुटांहून लांब दोरीतून वीज पाठवून दाखवली.

समुद्राच्या तळाशी घोटाळा

सव्वाशे वर्षांनंतर हाच प्रश्न केवढा तरी मोठा होऊन पुढे आला. १८५८ साली युरोप आणि अमेरिका यांना जोडण्यासाठी अटलांटिक महासागराच्या तळाशी तारयंत्राची केबल टाकण्यात आली. आत तांब्याची तार आणि भोवती गटापर्चा या पदार्थाचं वेष्टण. गटापर्चा म्हणजे मलायाकडच्या एका झाडाचा चीक. तो गरम पाण्यात मऊ होतो, थंड झाला की घट्ट होतो आणि समुद्राच्या पाण्यात छान टिकतो.

ऑगस्टमध्ये राणी व्हिक्टोरियाचा संदेश या केबलवरून अमेरिकेला गेला. संदेश जेमतेम ९८ शब्दांचा, पण पोचायला १६ तास लागले! संकेत फारच क्षीण येत होते. तेव्हा केबलचे विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाऊस यांनी काय करावं? दाब वाढवून तो सुमारे दोन हजार व्होल्टपर्यंत नेला. त्या केबलचं वेष्टण आधीच ठिकठिकाणी कच्चं होतं. एवढा दाब त्याला कसा सोसणार? जेमतेम तीन आठवड्यांत केबल कायमची मुकी झाली. लाखो रुपये अक्षरशः पाण्यात गेले!

विल्यम थॉमसन यांचं मत वेगळं होतं. हेच पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्ध झाले. दाब वाढवू नका, मोजण्याचं साधन नाजूक करा, असं ते म्हणत. त्यांच्या उपकरणात एक इवलासा आरसा होता. अगदी किंचित वीज आली तरी आरसा हले आणि त्यावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका पट्टीवर सरके.

१८६५ साली 'ग्रेट ईस्टर्न' हे अवाढव्य जहाज नवी केबल टाकायला निघालं, तेव्हा वाटेत वेष्टणाची परीक्षा सतत चालू होती. एकदा मोजणाऱ्यांच्या ध्यानात आलं की वीज गळतेय. केबल मागे ओढून पाहिली, तर तारेचा एक तुकडा वेष्टणातून आरपार घुसलेला! सुईएवढा दोष, मैलोगणती केबल, पण मोजमापानं तो पकडला. त्या वर्षी केबल मध्येच तुटली, तरी १८६६ मध्ये काम फत्ते झालं. त्याच 'ग्रेट ईस्टर्न'नं १८७० च्या फेब्रुवारीत आपल्या मुंबईपासून एडनपर्यंत केबल टाकली आणि त्याच वर्षी मुंबई समुद्रमार्गे थेट लंडनशी जोडली गेली.

मेगर आणि नवा माठ

आता पुन्हा काकांच्या पेटीकडे येऊ. १८८९ मध्ये इंग्लंडमधल्या सिडनी एव्हरशेड यांनी वेष्टणाचा रोध मोजणाऱ्या, सहज उचलून नेता येईल अशा यंत्राचं पेटंट घेतलं. त्याचंच पुढचं रूप म्हणजे मेगर. मेगाओम मोजतो तो मेगर. १ मेगाओम म्हणजे दहा लाख ओहम.

हँडल फिरवलं की पेटीतलं छोटं जनित्र साधारण ५०० व्होल्टचा दाब तयार करतं. तो दाब दुर्वाहकावर पडतो. त्यातून किती वीज पाझरली, यावरून काटा रोध दाखवतो. १ मेगाओम रोध असेल, तर ५०० व्होल्टला फक्त अर्धा मिलिअँपिअर वीज जाते. घरातल्या वायरिंगचा रोध निदान १ मेगाओम असावा, असा संकेत आहे. नव्या, कोरड्या वायरिंगचा तर तो कितीतरी जास्त येतो. हल्ली हँडलऐवजी सेलवर चालणारे आणि आकडे दाखवणारे मेगर मिळतात, पण तत्त्व तेच.

यात एक गंमत आहे. चांगल्या मोठ्या मोटरला मेगर लावला की काटा एकदम स्थिर होत नाही, हळूहळू वर चढत राहतो. का बरं?

उन्हाळ्यात घरी नवा माठ आणतात, तो आठवा. पहिल्यांदा भरला की पाणी भराभर कमी होतं. माठ गळका आहे का? नाही, त्याची माती आधी स्वतः पाणी पिते. तिची तहान भागली की मग फक्त पाझरेल तेवढंच पाणी कमी होत राहतं. दुर्वाहकाचंही असंच आहे. सुरुवातीला तो थोडी वीज 'पितो'. ते पिणं कमी होत गेलं की खरी गळती उरते. म्हणून हँडल दोन गिरक्या फिरवून सोडून द्यायचं नसतं, एक मिनिट थांबून मग आकडा घ्यायचा असतो.

मोठ्या मोटरी आणि जनित्रं यांच्या बाबतीत तर पहिल्या मिनिटाला एक आणि दहाव्या मिनिटाला एक असे दोन आकडे घेतात. दुसऱ्या आकड्याला पहिल्यानं भागायचं. उत्तर २ किंवा जास्त आलं तर सहसा तब्येत ठणठणीत. १ च्या आसपास आलं तर? तर माठ फुटका! गळतीच इतकी की पिण्याचा पत्ताच लागत नाही. वाइंडिंग ओलं तरी आहे, नाहीतर मळलेलं तरी.

तापमानाचाही हिशेब ठेवावा लागतो. धातू तापला की त्याचा रोध वाढतो, दुर्वाहकाचं मात्र उलटं! ढोबळ मानानं दर १० अंश सेल्सिअसला त्याचा रोध निम्म्यावर येतो. म्हणून सकाळचा आणि दुपारचा आकडा वेगळा आला तर घाबरायचं नाही, आधी तापमान पाहायचं.

किती सोसशील बाबा?

पाझर मोजला, पण तेवढ्यानं परीक्षा संपत नाही. दाब वाढवत नेला, तर एका क्षणी दुर्वाहक हार मानतो आणि ठिणगी आरपार जाते. आकाशातली वीज म्हणजे हवेनं मानलेली हारच. कोरडी हवा एका मिलिमीटरला सुमारे तीन हजार व्होल्ट सोसते.

गावाबाहेरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये तेल असतं, ते गुंडाळ्यांना थंड ठेवतं आणि वीजही अडवतं. या तेलाची परीक्षा फार मजेदार असते. एका भांड्यात तेल भरून त्यात धातूची दोन टोकं फक्त अडीच मिलिमीटर अंतरावर ठेवतात. मग दाब हळूहळू वाढवतात. दहा हजार, वीस हजार... आणि कधीतरी 'चट्' अशी ठिणगी उडते! तो आकडा लिहून घेतात. पुन्हा तेच, असं सहा वेळा, आणि मग सरासरी. चांगलं तेल निदान तीस हजार व्होल्ट सोसतं. हवा तेवढ्याच फटीत साडेसात हजारांनाच हात टेकते. पण तेलात पाण्याचा नुसता अंश आणि सुताचे बारीक तंतू शिरले, की हे ओले तंतू त्या फटीत ओळीनं उभे राहून विजेसाठी पूलच बांधतात. मग चांगलं तेलही नापास!

म्हणूनच ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला एका काचेच्या डबीत निळे खडे भरलेले असतात. आत जाणाऱ्या हवेतला ओलावा ते शोषून घेतात आणि ओले झाले की गुलाबी होतात. हे कुंपणाबाहेरूनच पाहायचं, आत पाऊल टाकायचं नाही!

ओलावा, मळ, उष्णता आणि वय हे दुर्वाहकाचे चार वैरी. ते डोळ्यांना दिसत नाहीत, मेगरला दिसतात.

घरातल्या मोठ्यांना हे वाचून दाखवा

फ्रिज, गीझर, पाण्याची मोटर यांना हात लावल्यावर किंचित झिणझिणलं तर 'होतं कधीकधी' म्हणून सोडून देऊ नका. ती वेष्टणाची हाक आहे. उपकरण बंद करा आणि जाणकार वायरमनला बोलवा. जुन्या घराचं वायरिंग अधूनमधून मेगर लावून तपासून घ्या. अर्थिंग आहे ना, हेही पाहा. ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारा स्विच बसवलेला असेल, तर त्याचं चाचणीचं बटण मोठ्यांनी अधूनमधून दाबून पाहावं. आणि मुलांनो, तुमचे प्रयोग फक्त टॉर्चच्या सेलवर. भिंतीतली वीज आपली नाही!

डोकं लढवा

एका भिजलेल्या वायरीच्या वेष्टणाचा रोध घसरून ५,००० ओहम झाला आहे. दाब २३० व्होल्ट. त्यातून किती वीज गळू शकेल? टॉर्चचा बल्ब तेवढ्यावर पेटेल का? आणि माणसाचं काय होईल?

(उत्तर : २३० भागिले ५,००० म्हणजे ०.०४६ अँपिअर, अर्थात ४६ मिलिअँपिअर. बल्ब पेटणार नाही. पण माणसाच्या जिवाला धोका आहे. म्हणूनच तर काकांनी फ्यूज खिशात ठेवले होते!)